निळी पेन्सिल, लाल पेन्सिल आणि खोडरबर

शहराला पुरापासून वाचवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल तर घाबरू नका. पुण्यात आजवर पुष्कळांनी ते पार पाडलंय आणि त्यातल्या कुणाच्या बुटाला चिखल लागल्याचं ऐकिवात नाही.

सामान फारसं लागत नाही. एक नकाशा आणि दोन पेन्सिली. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर चढतो तिथे निळी रेषा मारा, शंभर वर्षांतून एकदा येणारा चढतो तिथे लाल. निळीच्या आत बांधकाम नाही. निळी ते लाल या पट्ट्यात बांधकाम ‘अटींवर’. हा शब्द जपून ठेवा, मुठेच्या खोऱ्यात याच्याइतकं भरघोस पीक दुसऱ्या कशाचं येत नाही. आणि घर घेणाऱ्याला जाहिरातीत नदी दिसली पाहिजे, रेषा नव्हे. रेषा फारच आडवी आली तर खोडरबर असतोच.

ओढ्यांचं काम तर आणखी सोपं. ओढा वर्षातले सात-आठ महिने कोरडा असतो, म्हणजे तो नाहीच. काटकोनात वळवा, पाइपात घाला, वर स्लॅब टाकून गाड्या लावायला द्या. कुणी हरकत घेतलीच तर सरळ इतिहास काढा: आंबील ओढा नानासाहेब पेशव्यांनीही वळवला होता की! (त्यांनी पर्वतीखाली त्याच्या पाण्याचं तळंही केलं होतं, हे बोलायची गरज नाही. तळं होतं तिथे आता सारसबाग आहे.)

मे महिन्यात नालेसफाई करून घ्या. काढलेला गाळ काठावरच ठेवा. जूनमध्ये तो आपल्या पायांनी परत जातो आणि पुढच्या मेची सोय होते.

एवढं करूनही 25 सप्टेंबर 2019 सारखी रात्र येऊ शकते. त्या रात्री आंबील ओढा सोसायट्यांच्या सीमाभिंती पाडत घराघरांत शिरला, टांगेवाला कॉलनीत माणसं दगावली. अशा वेळी तुमच्यापाशी एकच शब्द तयार हवा: ढगफुटी. हवामानखात्याच्या हिशेबात तासाभरात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर ढगफुटी. तुमच्या हिशेबात चारचाकी तरंगली की ढगफुटी. पर्जन्यमापकाचा आकडा यायला वेळ लागतो, कॅमेरेवाले त्याआधी येतात.

आता 1961 चं काय करायचं, हा नाजूक विषय. 12 जुलैला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला धरण, आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा काही जुन्या भिंतींवर होत्या. अशा वाड्याचा पुनर्विकास निघाला की खुणेची भिंत पहिली पाडायला घ्या. नव्या इमारतीत पाण्याचा पंप, विजेचे मीटर, जनरेटर सगळं तळघरात बसवा. पाण्यालाही यंत्रं नीट दिसायला हवीत.

राहिली पूर्वसूचना. खडकवासल्यातून किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं हे तुम्हाला कळतं, पण क्युसेक म्हणजे आपल्या जिन्याची कितवी पायरी, हे रहिवाशाला कळत नाही. ते कळवायच्या फंदात पडू नका. 25 जुलै 2024 च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतले लोक पाण्याचा आवाज ऐकूनच उठले. नंतर ‘आम्ही कळवलं होतं’ आणि ‘आम्हाला कळलंच नाही’ अशी दोन निवेदनं लागतात. ती दोन वेगवेगळ्या खात्यांनी काढावीत, एकाच खात्याने दोन्ही काढली तर वाईट दिसतं.

शिवाय भोंगे, फलक, संदेश यांवर खर्च कशाला? पुण्याला भिडे पूल आहे. पाणी सोडलं की तो बुडतो, तो बुडाला की बातमी होते, आणि बातमी झाली की अर्धं पुणं मोबाइल घेऊन नदी बघायला निघतं. गर्दी फार झाली तर शिट्टी मारायला पोलीस पाठवा. कणीस भाजणाऱ्याला मात्र उठवू नका, या सगळ्या आराखड्यात पावसाची तयारी वेळेवर केलेला तो एकटाच.