लेवीय, अध्याय तेरा आणि आमची चादर

३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत पाळकसाहेबांनी हात वर करायला सांगितलं, बायकोनं कोपर मारलं आणि माझाही हात वर गेला. वर्षभरात अख्खं बायबल! ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन आणि वर थोडं. हे 'वर थोडं'च माणसाला मारतं. सोबत टिपांची पुस्तिकाही मिळाली.

पहिलं पुस्तक, उत्पत्ती, झोकात सुरू झालं. मग सिद्धेश्वराच्या यात्रेतली गड्ड्याची जत्रा भरली, त्यात चार संध्याकाळी गेल्या. शिवाय सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी मोशेनं समोर समुद्र दुभंगला तरी कुणी मान वर करणार नाही, आधी पिंपं भरायची. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वाचायचं तिसरं पुस्तक, लेवीय, मी मार्चअखेरीस गाठलं.

आता त्या टिपा. मथुशलह ९६९ वर्षं जगला, त्यावर टीप : 'दीर्घायुषी पुरुष.' आदाम-हव्वेच्या मुलाला, काईनाला, बायको कुठून मिळाली, तिथं टीपच नाही. आपण अडलो की टीपकार नेमका चहाला गेलेला. पण लेवीय तेरामध्ये, कपड्यावरच्या चट्ट्यांच्या नियमांत, त्याला कंठ फुटला : 'ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे.' हे सोलापुरात सांगतोय! माझ्या वडिलांचा जन्म यंत्रमागावर गेला, मी शाळेतून आलो की दप्तर टाकून कांड्या भरायचो.

त्याच सकाळी पिंपामागून वडिलांची जुनी चादर निघाली, ओलसर, हिरवट डागांची. पुस्तक उघडंच होतं : याजकानं डाग पाहावा, कपडा सात दिवस बंद ठेवावा. शास्त्रात लोकर आणि ताग आहे, आपली सुती, पण म्हटलं चालेल. चादर ट्रंकेत कोंडली.

"अहो, उन्हात टाका ना!" बायको म्हणाली. बाहेरच्या उन्हात डागच काय, पापसुद्धा वाळलं असतं. मी ऐकलं नाही.

सातव्या दिवशी ट्रंक रिकामी. चादर गच्चीवर दोरीला, स्वच्छ धुतलेली, कोपऱ्यात वीतभर भोक.

"छप्पन्नावं वचन वाचलं नाही वाटतं? धुतल्यावर डाग फिकट झाला तर तेवढाच तुकडा फाडायचा." तो तुकडा तिच्या हातात होता, त्यानं ती पिंपाचं झाकण पुसत होती.

"तू कुठवर आलीस?"

"बाराव्या पुस्तकात, राजांच्या दुसऱ्या. उठा, पाणी आलंय."