स्कॅन केलं म्हणून चलनबुकं रद्दीत घालू नका

दिवाळीची आवराआवर निघाली आणि सोलापुरातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला : "१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा. आता स्कॅन म्हणजेच ओरिजिनल. मोबाइलवर स्कॅन करा, ट्रू कॉपीचा शिक्का मारा, कागद रद्दीत द्या. व्हॉट्सअॅपवर निळ्या टिका आल्या की पोच झाली. कोर्टाला मानावंच लागतं. जीएसटीला सहा वर्षं पुरेत." तो आमच्या मेहुण्यांपर्यंतही पोचला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे आणि चलनबुकं, म्हणजे माल पोचवताना गिऱ्हाइकाची सही घेतात ती पावतीपुस्तकं, पोत्यात भरून दारात तयार आहेत. रद्दीवाला यायच्या आत हे वाचा.

थोडं खरं आहे, ते आधी देऊन टाकतो. या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ६१ म्हणतं की नोंद इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्याच कारणाने ती नाकारता येणार नाही. कलम ५७ मध्ये डिजिटल नोंदींना प्राथमिक, म्हणजे मूळ मानल्या जाणाऱ्या, पुराव्यात जास्त जागा मिळाली, हेही खरं. पण ती जागा संगणकातच तयार झालेल्या गोष्टींसाठी आहे : ईमेल, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली नोंद, ई-इनव्हॉइस. पेनाने लिहिलेल्या, समोरच्याने सही केलेल्या चलनाचा प्राथमिक पुरावा म्हणजे ते चलनच. त्याचा स्कॅन ही यंत्राने काढलेली नक्कल, म्हणजे कलम ५८ प्रमाणे दुय्यम पुरावा. जुन्या कायद्यात असंच होतं, नव्यातही तसंच आहे.

आता "कागद रद्दीत द्या" हे वाक्य. मेसेजमधलं सगळ्यात घातक हेच. दुय्यम पुरावा केव्हा चालतो ते कलम ६० सांगतं. मूळ कागद समोरच्याकडे आहे आणि नोटीस देऊनही तो हजर करत नाही. त्याने मजकूर लेखी कबूल केलाय. किंवा मूळ हरवलं, नष्ट झालं, अथवा आपल्या चुकीने वा हलगर्जीने नव्हे अशा कारणाने वेळेत आणता येत नाही. आणखी काही प्रसंग आहेत, पण उधारीच्या दाव्यात गाठ पडते ती याच तिघांशी. गोदामात पाणी शिरलं, वाळवी लागली, तर तसं शपथेवर सांगून स्कॅन पुढे करता येतो. "मूळ चलन कुठे आहे?" या उलटतपासणीतल्या पहिल्याच प्रश्नाला "मीच रद्दीत दिलं" असं उत्तर गेलं, तर तुमच्या हाताने तुम्ही प्रतिवादीला हरकतीचा मुद्दा दिलात. मग मुद्दाम नष्ट केलं की कसं, यावरच तारखा पडत राहणार.

त्यातून भांडण बहुतेक वेळा सहीवर येतं. "माल मिळाला" खालची सही आमच्या माणसाची नाही, असं गिऱ्हाईक म्हणतं. हस्ताक्षरतज्ज्ञ मूळ कागद मागतो, कारण त्याला पेनाचा दाब, रेघेतला कंप, पेन कुठे उचललं, शाई कुठे साचली हे बघायचं असतं. स्कॅनमध्ये हे सपाट होतं. मोबाइल अॅपचा कागद पांढराशुभ्र करणारा फिल्टर तर कार्बनची फिकट अक्षरं आणि कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं "२ डझन कमी" हेसुद्धा पुसून टाकतो.

"कोर्टाला मानावंच लागतं" म्हणे. स्कॅनची फाइल किंवा तिची प्रिंट दाखल करायची तर कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. नमुना कायद्याच्याच अनुसूचीत आहे. भाग अ पक्षकाराने भरायचा : कोणतं यंत्र, मेक, मॉडेल, सिरीयल नंबर, फाइलचा हॅश. भाग ब वर तज्ज्ञाची सही. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा. एसएचए-२५६ चा असेल तर ६४ अक्षरांचा. फाइलचं नाव बदललं तर तो बदलत नाही; पान फिरवून पुन्हा सेव्ह केली तर बदलतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली तर चित्र दाबलं जातं आणि हॅश वेगळा येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर तोच राहतो. म्हणून स्कॅन केल्या दिवशीच हॅश काढून रजिस्टरमध्ये लिहावा.

प्रमाणपत्र ऐच्छिक आहे असं कोणी सांगितलं तर जालन्याचं नाव घ्या. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं की जुन्या साक्ष कायद्यातल्या कलम ६५-ब चं (आताच्या ६३(४) सारखंच) प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मूळ यंत्रच मालकाने साक्षीला येऊन हजर केलं तर ते लागत नाही. नव्या कलमाने ही अट सैल केली नाही, उलट तज्ज्ञाची सही वाढवली. आणि प्रमाणपत्र जोडलं म्हणून कलम ६० सुटत नाही, निशाणी (कोर्टाने पुराव्याला दिलेला क्रमांक) पडली म्हणून सही सिद्ध होत नाही.

ट्रू कॉपीचा शिक्का आणि निळ्या टिका यांवर शाई घालवत नाही. खासगी कागदावर तुम्हीच मारलेला शिक्का काही सिद्ध करत नाही. टिकेवरून फार तर मेसेज उघडला एवढंच कळतं.

समोरच्याने हरकतच घेतली नाही तर स्कॅनवरही काम भागतं, हे नाइलाजाने मान्य. पण त्याचा वकील गप्प बसेल या भरवशावर पोती विकायची का?

स्कॅन जरूर करा. वजनकाट्याची थर्मल पावती तर त्याच दिवशी, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि प्लास्टिकच्या पाकिटात ती कोरी पडते. ३०० डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजू, फिल्टर बंद. मूळ मात्र गठ्ठा बांधून ठेवायचं : सहीची चलनं, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), न वटलेला चेक आणि तो परत आल्याचा बँकेचा मेमो. सगळ्यात जपायचं ते "बाकी मान्य" म्हणून सही केलेलं पत्र. उधारीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. मुदतीच्या आत अशी लेखी कबुली मिळाली तर तीन वर्षं नव्याने मोजतात.

राहिली सहा वर्षं. जीएसटी कायद्याचं कलम ३६ म्हणतं ७२ महिने, पण ते त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून. एप्रिल २०२३ चं बिल २०२३-२४ मध्ये येतं, त्याच्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२४, म्हणजे ते बिल ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवायचं. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा अंतिम निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष, यांतलं जे उशिरा येईल ते.