“खरी पीडित ओरडतेच” – त्या फॉरवर्डला उत्तर

मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. पोलिसांना आता ट्रॉमाचं, म्हणजे अत्याचाराच्या धक्क्यातल्या बाईशी कसं बोलायचं याचं, ट्रेनिंग देणार म्हणे, कशाला ही थेरं, जिच्यावर खरंच अत्याचार होतो ती ओरडते, लगेच ठाण्यात येते, जबाब फिरवत नाही, आणि पोलिसांचं काम तपासाचं आहे, डोळे पुसायचं नाही.

ओरडली का नाही? हा प्रश्न आपल्याकडे फार महागात पडलाय. १९७२ चं देसाईगंजचं प्रकरण आठवा, पोलिस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची केस, हायकोर्टाने दोन पोलिसांना शिक्षा दिली आणि सुप्रीम कोर्टाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही असं म्हणत दोघांनाही सोडलं. मग १९७९ मध्ये वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर यांचं खुलं पत्र, मोर्चे, आणि १९८३ ला कायद्यात बदल. अहो, भीतीने अंग लाकडासारखं होतं, आवाजच फुटत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कार झालेल्या २९८ बायकांचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला, त्यात ७० टक्के बायकांनी त्या वेळी अंग बऱ्याच प्रमाणात गोठल्याचं सांगितलं.

उशीर का केला, याला फार लिहीत नाही. घरच्यांची अब्रू आडवी येते हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच मान्य केलंय, नुसत्या उशिरावरून केस खोटी ठरत नाही.

आता जबाब फिरवला हा मुद्दा, खरी गोम इथेच आहे. भेदरलेल्या माणसाला अत्याचार करणाऱ्याचा हात, वास, शर्टाचा रंग पक्का आठवतो आणि आधी काय नंतर काय याचा मेळ लागत नाही. त्यात ठाण्यातलं चित्र बघा, शेजारच्या टेबलावर दुसरीच तक्रार चाललीय, माणसं येऊन डोकावून जातायत, आणि पहिलाच प्रश्न, “एवढ्या रात्री तिकडे कशाला गेली होतीस?” ती गडबडते, काहीतरी बोलून मोकळी होते, तेच कागदावर उतरतं आणि दोन वर्षांनी बचावपक्षाचा वकील तेच वाचून दाखवतो. ट्रेनिंगमध्ये शिकवतात ते एवढंच की दार लावा, जेवढं आठवतंय तेवढं सांगू द्या, मधे तोडू नका, “का” ने सुरू होणारे प्रश्न नकोत. म्हणजे तपासच की हा! खोट्या तक्रारी असतात, नाही कोण म्हणतंय, पण त्या पकडायलासुद्धा नीट घेतलेला जबाबच लागतो ना.

आणि हे फक्त पोलिसांचं नाही. “आधी पोलिसांचा कागद आणा” म्हणून दवाखान्यातून परत पाठवणं बेकायदेशीर आहे, उपचार लगेच आणि फुकट द्यायचे, पोलिसांना दवाखान्यानेच कळवायचं. टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं आणि त्याच निकालात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी वर्कशॉप घ्या असंही सांगितलं. तेव्हा ही थेरं असतील तर कोर्टाची आहेत.

टीका करायचीच तर ट्रेनिंग कसं होतं त्यावर करा ना, हॉलमध्ये पीपीटी, हजेरीच्या सह्या, जेवण, आणि रात्रपाळीला जी हवालदार त्या बाईसमोर बसणार असते ती बंदोबस्तावर.