मोकळ्या घरात धुराचा अलार्म म्हणजे पैसे पाण्यात? नाही

गणपती तोंडावर आले की आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. त्याचं म्हणणं असं: कोकणातल्या घरात वारा खेळता असतो, धूर साचतच नाही, तेव्हा स्मोक अलार्म लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आग लागलीच तर वासाने जाग येते. ओपन किचन असेल तर अलार्म दर फोडणीला बोंबलतो. लाईट गेली की तो बंद पडतो. आणि गॅस डिटेक्टर असेल तर आणखी काही लावायची गरजच नाही.

यंदा तिघांनी मला विचारलं, हे खरं का? खरं नाही. आणि त्यातलं वाऱ्याचं वाक्य सगळ्यांत घातक आहे.

वारा खेळतो तो दिवसा. भाद्रपदातल्या पावसाळी रात्री आपण दारं-खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून झोपतो. पूर्वी ओटी, माजघर, स्वयंपाकघर अशी घरं होती. मधलं दार लोटलेलं असलं की धूर आणि आग काही वेळ तरी पलीकडे अडायची. आता डागडुजी करताना आपण तीच मधली भिंत पाडतो. ओट्याजवळ काही पेटलं तर हॉलमध्ये गाद्या घालून झोपलेल्या मुंबईकर पाहुण्यांपर्यंत धूर पोहोचायला मध्ये काहीच नाही. म्हणजे घर मोकळं, म्हणून अलार्म जास्त गरजेचा.

वासाने जाग येते, हे मीही मानत होतो. दोन वर्षांपूर्वी गौरी गेल्या त्या रात्री हॉलमध्ये आम्ही सातजण झोपलो होतो. डासांची कॉइल कोणाच्या तरी पायाने सरकून कापसाच्या गादीला टेकली. अडीचच्या सुमाराला अलार्म वाजला तेव्हा गादीला ताटलीएवढं भोक पडलं होतं, कडा लाल धुमसत होत्या, ज्वाळ कुठेच नव्हती. खोलीत धूर कमरेपर्यंत उतरलेला आणि सातांपैकी एकालाही वास आला नव्हता. बादलीभर पाणी ओतून गादी अंगणात टाकली, तरी सकाळी तिच्यातून पुन्हा धूर निघत होता. कापूस आतल्या आत असा तासन्‌तास जळतो. २००४ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांना पुदिन्याचा आणि पिरिडीन नावाच्या रसायनाचा उग्र वास देऊन पाहिला. गाढ झोपेतली माणसं त्या वासाने उठली नाहीत, आवाजाने उठली. शिवाय जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, आणि त्याने माणूस आणखी गुंगतो.

फोडणीची तक्रार मात्र निम्मी खरी आहे. बांगडे तळताना किंवा सुकट भाजताना अलार्म वाजतो, मग कोणीतरी वैतागून सेल काढून ठेवतो आणि तो परत बसतच नाही. पण चूक असते ती निवडीची आणि जागेची. स्मोक अलार्मचे मुख्य प्रकार दोन. आयनायझेशन प्रकार भडकलेल्या ज्वाळांचे बारीक कण लवकर पकडतो, पण त्यामुळेच तव्यावरच्या तेलाच्या धुरालाही चटकन वाजतो. फोटोइलेक्ट्रिक प्रकारात प्रकाशाचा झोत धुराच्या कणांवर विखुरतो. गादी, सोफा, वायर अशा धुमसणाऱ्या आगीचा दाट धूर तो आधी ओळखतो आणि स्वयंपाकाला कमी वाजतो. ओपन किचनच्या हॉलसाठी मी हाच घ्यायला सांगेन, शेगडीपासून किमान ३ मीटर लांब. खुद्द ओट्याच्या वर हीट अलार्म. तो धुराला वाजत नाही, साधारण ५७ अंश सेल्सिअसला वाजतो, त्यामुळे फोडणी खुशाल द्या. मात्र फक्त हीट अलार्मवर भागवू नका: आमची गादी धुमसत होती तेव्हा तो गप्पच राहिला असता. दोन्ही एकमेकांना बिनतारी जोडलेले मिळाले तर उत्तम, एक वाजला की सगळे वाजतात.

कौलारू घरात छत सपाट नसतं, हे दुकानदार सांगत नाही. आढ्याच्या अगदी टोकात हवा अडून राहते, धूर तिथे उशिरा पोहोचतो. म्हणून अलार्म टोकापासून किमान १० सेंटिमीटर खाली, पण एका मीटरच्या आत लावावा. पंख्याच्या पात्यांपासून तो तीन फूट दूर हवा, नाहीतर वारा धूर बाजूला लोटतो. आरतीच्या कापराला, धुपाला वाजला तर काही मिनिटं गप्प करायचं बटण असलेलाच घ्या. सेल काढू नका.

लाईटचं म्हणाल तर ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि तेव्हाच घरोघरी मेणबत्त्या, चिमण्या जळत होत्या. सेलवरचा अलार्म अशा वेळी चालूच राहतो. विजेवरचा घ्यायचा तर आत बॅकअप सेल असलेला घ्यावा.

गॅस डिटेक्टर हवाच, पण त्याचं काम वेगळं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत साधारण फूटभर उंचीवर बसवतात. धूर वर जातो. खालच्या यंत्राला वरचा धूर कळत नाही.

अलार्मच्या पाठीवर तयार केल्याची तारीख असते, ती बघून घ्या. दहा वर्षांनी तो बदलावाच लागतो. आमच्याकडे त्याच्या जाळीत पावसाळ्यात बारीक किडे शिरतात, ते मऊ ब्रशने काढतो. बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. ते विसरू नये म्हणून आई दर संकष्टीला, चंद्रोदयाची वाट बघताना, झाडूच्या दांड्याने दाबते.