सांगलीचे अपक्ष, फिलाडेल्फियाचा मतदार

माझा सांगलीचा धाकटा मामेभाऊ 2024 च्या लोकसभा निकालापासून मला एकच गोष्ट ऐकवतो आहे. महाविकास आघाडीने जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला सोडली, तरी सांगलीकरांनी अपक्ष उभ्या राहिलेल्या विशाल पाटलांनाच निवडून दिले. "दादा, आम्हीही आता तुमच्या अमेरिकेतल्या स्वतंत्र मतदारांसारखे झालो, पक्षांना आमच्या मागे यावे लागते," असे तो म्हणतो. हे कौतुक मला टीकेपेक्षा अधिक खुपते, कारण असा, कोणत्याही पक्षात नाव न नोंदवलेला, स्वतंत्र मतदार मी गेली दहा वर्षे पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियात आहे आणि माझ्या मागे कोणताही पक्ष आलेला नाही.

गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत 2024 मध्ये 43 टक्के अमेरिकनांनी स्वतःला स्वतंत्र म्हणवले, हा आकडा भावाला पाठ आहे. त्यांनाच 'कल कोणाकडे?' असे विचारले की बहुतेक जण एका पक्षाचे नाव घेतात आणि खरोखर कुठेही न झुकणारे जेमतेम दहाव्या हिश्श्याइतके उरतात, हे मात्र त्याला सांगूनही पटत नाही. अटीतटीच्या राज्यात नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत हेच थोडे लोक निकाल फिरवू शकतात, हे मला मान्य आहे. परंतु कोणत्या दोघांमधून निवडायचे हे तोवर ठरून गेलेले असते.

पेनसिल्व्हेनियात प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, बंद असते, म्हणजे पक्षाची नोंदणी नसलेल्या दहा लाखांहून अधिक मतदारांना तिथे उमेदवार निवडता येत नाही. खर्च मात्र सरकारी तिजोरीतून, म्हणजे आमच्याही करातून होतो. फिलाडेल्फियाचा महापौर 1952 पासून डेमोक्रॅटिक पक्षाचाच आहे, त्यामुळे इथला खरा सामना मे महिन्यातल्या प्रायमरीत होतो. 2023 च्या मे महिन्यात शेरेल पार्कर सुमारे एक तृतीयांश मतांवर ती प्रायमरी जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये सहज महापौर झाल्या. प्रायमरीच्या दिवशी मीही मतदान केंद्रावर गेलो होतो, पण माझ्यासमोर शहराच्या सनदेतील दुरुस्त्यांचे प्रश्न तेवढे आले. न्यू हॅम्पशायरमध्ये पक्ष न नोंदवलेल्यांना कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते, आणि 2000 मध्ये अशाच मतदारांच्या बळावर जॉन मॅकेन यांनी तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत जॉर्ज बुश यांना हरवले. पण राज्याची सीमा ओलांडली की हा हक्क बदलतो.

सांगलीत जे घडले ते इथे घडणे किती कठीण आहे, हेही भावाच्या लक्षात येत नाही. पेनसिल्व्हेनियात प्रायमरीत हरलेल्या उमेदवाराला त्याच पदासाठी नोव्हेंबरमध्ये अपक्ष म्हणून उभे राहता येत नाही. तुमच्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात हे खरे, आणि निवडून आल्यावर पक्ष कसे फुटतात ते महाराष्ट्राने 2022 आणि 2023 मध्ये पाहिले. तरीही नाकारलेल्या माणसाला थेट लोकांपुढे जाण्याची वाट तुमच्याकडे मोकळी आहे. आपल्या मराठीत 'अपक्ष' हा शब्द उमेदवाराला लागतो, मतदाराला नाही, कारण तुमच्या मतदारयादीत पक्षाचा रकानाच नसतो.

भावाने अमेरिकेला नावे ठेवली असती तर मी नेमकी उलट बाजू मांडली असती, सामान्य मतदाराला उमेदवार निवडू देणारी प्रायमरी ही केवढी मोठी गोष्ट आहे हे त्याला पटवत बसलो असतो, याची मला जाणीव आहे. पक्ष नोंदवला तर मलाही ती उद्या मिळेल. निवडणुकीच्या पंधरा दिवस आधीपर्यंत तो बदल करता येतो आणि अर्ज भरायला पाच मिनिटे लागतात. तत्त्वासाठी स्वतंत्र राहिलो, असे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पण खरे कारण असे की तो रकाना भरला की मी पूर्णपणे इथला होईन, अशी भीती मला वाटत आली आहे. आमचे वडील कोणाला मत देत हे त्यांनी आईलाही कधी सांगितले नाही, आणि इथे माझ्या पक्षाचे नाव सरकारी यादीत कोणालाही पाहता आले असते.

नागरिकत्व बदलल्यावर भारतातला मताचा हक्क गेला. तिथल्या यादीत मी शेवटचे नाव पाहिले तेव्हा त्यापुढे वडिलांचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग एवढेच लिहिलेले होते.