इथून पाचच मिनिटं

माझी आत्या नागपूरची. आठ दिवसांसाठी म्हणून आली होती, त्याला तिसरा आठवडा लागला होता. रविवारी सकाळी चहा पिता पिता तिनं विचारलं, "काहून रे, पुण्यात पाह्यण्यासारखं काही आहे का, का नुसतं कोथरूडच आहे?"

असं विचारल्यावर अस्सल पुणेकराची जीभ सैल सुटते. मी म्हणालो, "आत्या, शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा... सगळं एका किलोमीटरच्या आत. एकातून निघालं की पाच मिनिटांत दुसरं."

शनिवारवाड्यात मी शेवटचा गेलो होतो तो सहावीच्या सहलीला. पण हे सांगायची तेव्हा गरज वाटली नाही.

मेट्रोनं महापालिकेला उतरेपर्यंत घामाचा थेंबही आला नव्हता. पुढं चालायला लागलो.

"हा कोणता पूल?"

"नवा पूल."

"कधी झाला?"

"1923 साली."

आत्या थांबली. कठड्यावर हात ठेवून तिनं मुठेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "शंभर वर्षं झाली न रे त्याला?"

"हो, पण नवाच म्हणतात."

"बरं," ती म्हणाली. या 'बरं'मध्ये पुढचा सगळा दिवस भरलेला होता, हे मला कळायला हवं होतं.

शनिवारवाड्यापाशी माझी बाजू भक्कम होती. इथं नाव खरं होतं. 10 जानेवारी 1730 ला पाया खणला तो शनिवारीच. बांधायला 16,110 रुपये लागले हेही मी ठोकून दिलं. आत्यानं दिल्ली दरवाजा खालून वरपर्यंत न्याहाळला आणि म्हणाली, "आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त कराले याच्याहून जास्त लागले." मी दारावरचे लांबलचक खिळे दाखवले. हत्तींनी धडक मारू नये म्हणून ठोकलेले. त्या खिळ्याला एका हातानं धरून एक तरुण दुसऱ्या हातानं स्वतःचे फोटो काढत होता. तो बाजूला होईपर्यंत आम्हाला दारातून आत जाता येईना. हत्तींचा बंदोबस्त पेशव्यांनी केला होता, यांचा राहून गेला.

आत गेल्यावर आत्या म्हणाली, "वाडा कुठं आहे?"

"हाच."

"हे तं जोतं आहे."

"वरचं 1828 च्या आगीत गेलं."

"म्हणजे नाव वाडा अन् आत बगीचा." तिनं एक बोट दुमडलं. नवा पूल धरून हे दुसरं. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

यानंतर लाल महाल. समोरच, फक्त मध्ये शिवाजी रस्ता. हा 'फक्त' मी आयुष्यात पुन्हा वापरणार नाही. पदपथ होता, पण त्यावर दुचाकी विश्रांती घेत होत्या, म्हणून आम्ही रस्त्यावर. आणि रस्त्यावर ज्या दुचाकी होत्या त्यांना विश्रांती माहीत नव्हती. मी पुणेरी पद्धत दाखवायला गेलो. एक हात पुढं करायचा, गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघायचं आणि तो वेग कमी करतोय अशी समजूत करून घ्यायची. दोन पावलं पुढं, तीन मागं. असं चार वेळा झाल्यावर एका रिक्षावाल्यानं मला विचारलं, "काका, जायचंय का नुसताच व्यायाम?"

शेवटी आत्या कंटाळली. तिनं पदर खोचला, उजवा हात सत्यनारायणाला आलेल्यांना आशीर्वाद द्यावा तसा उचलला आणि सरळ चालू लागली. डावीउजवीकडं पाहिलंसुद्धा नाही. आख्खा शिवाजी रस्ता थांबला. मी तिच्या मागं, पिशवी छातीशी धरून.

लाल महालात तिनं मनापासून नमस्कार केला. मग शाइस्तेखानाची गोष्ट मी रंगवून सांगितली. 5 एप्रिल 1663 ची रात्र, रमजानचा महिना, महाराज मोजक्या माणसांनिशी आत शिरले, खानाची बोटं छाटली गेली.

"इथं किती दिवस होता तो मेला?"

"जवळजवळ तीन वर्षं. आला आणि मुक्कामच ठोकला."

हे म्हणताना मी जरा जास्तच जोर दिला असावा, कारण आत्यानं माझ्याकडं तिरकं पाहिलं. मी घाईघाईनं एका खिडकीकडं बोट केलं. म्हणालो, "अशाच खिडकीतून पळाला."

"हीच का ती?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. पण शेजारी उभे असलेले एक आजोबा, ज्यांच्याकडं कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणाले, "ही कशी असेल? मूळ वाडा केव्हाच नाहीसा झाला. ही इमारत महापालिकेनं बांधली. 1988 ला पूर्ण झाली."

"1988?" आत्या म्हणाली. "माह्या लग्नानंतर झाली? अन् त्या पुलाले नवा म्हणता?" तिसरं बोट.

कसबा गणपती तिथून खरोखरच दोन मिनिटांवर आहे आणि आम्ही खरोखरच दोन मिनिटांत पोचलो. शहराचं ग्रामदैवत, त्यानं माझी लाज राखली. दर्शन झालं, खडीसाखर मिळाली. पण देवळाबाहेर चप्पल घालताना आत्याच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला.

चांभार कुठं मिळेल, असं मी एका दुकानदाराला विचारलं. तो तोंड उघडायच्या आत तिघांनी उत्तर दिलं, तीन दिशांना हात करून. एका बाबतीत मात्र तिघांचं एकमत होतं: "इथून पाच मिनिटं." आत्या पाय घासत चालत होती. बोळ, मग दुसरा बोळ, मग पहिलाच बोळ उलट्या बाजूनं. "किती वेळ चालून राहिलो रे आपण?" असं तिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कोपऱ्यावर छत्रीखाली बसलेले मामा दिसले.

मामांनी चप्पल हातात घेतली, उलटी केली, अंगठ्याची कातडी नखानं ओढून पाहिली, जुना खिळा पकडीनं उपटून टाकला. मग आरीनं भोक पाडून मेणवलेला दोरा ओवायला लागले. ते काम इतकं शांतपणे चाललं होतं की सकाळपासून पाहिलेल्या गोष्टींत आत्या पहिल्यांदाच एखादी गोष्ट टक लावून पाहत होती. शेजारच्या ओट्यावर पेपर वाचणाऱ्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "कुठून आलात?"

"नागपूरहून."

पेपर खाली आला. घडी झाली. "1763 मध्ये जानोजी भोसल्यांनी निजामाला साथ दिली आणि पुणं जाळलं. नागपूरचेच ते."

मामांची आरी थांबली. मी इकडं पुण्याचा रहिवासी, तिकडं नागपूरचा भाचा. कोणाच्या बाजूनं बोलावं कळेना.

आत्या म्हणाली, "मी तं तवा माहेरी होती बाप्पा."

गृहस्थ बराच वेळ मनात वजाबाकी करत होते. मामा हसले आणि त्यांनी शिलाई वीस रुपयांवरून दहावर आणली.

अप्पा बळवंत चौक कसा ओलांडला ते सांगत नाही. विश्रामबागवाड्यासमोर पोचलो तेव्हा निघाल्याला अडीच तास झाले होते. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, लाकडी सज्जा, सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब. मी सांगू लागलो, 1821 मध्ये इंग्रजांनी इथं संस्कृत पाठशाळा काढली... मागं वळून पाहिलं तर आत्या नाही.

ती तुळशीबागेत सापडली. एका हातात पितळी सोऱ्या, दुसऱ्या हातात पुरणयंत्र, आणि बाईशी घासाघीस रंगात आलेली. "तुळस कुठंच नाही इथं," मला पाहताच ती म्हणाली. चार बोटं पूर्ण झाली होती. पण ती खूश दिसत होती. पिशवी माझ्याकडं आली; सोऱ्या पितळी असला की किती जड असतो ते मला त्या दिवशी कळलं.

बाहेर येऊन तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला न विचारता एका जाणाऱ्या आजोबांना गाठलं. "भाऊ, पर्वती किती दूर आहे इथून?"

आजोबांनी दक्षिणेला हात केला. "पर्वती? ही काय, इथून पाच..."

आत्यानं उजव्या पायातली चप्पल काढून त्यांच्यासमोर धरली. "थांबा, आधी हे पहा."