सिगरेटने टेन्शन उतरतं म्हणे

कॅन्सरची भीती घालून तिशीतला माणूस सिगरेट सोडत नाही, असं माझं ठाम मत झालंय. पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर तो भयानक फोटो २०१६ पासून आहे. पण ऐरोलीला आमच्या ऑफिसबाहेरच्या टपरीवर पाकीट घेतंय कोण? सगळे एकेक सुट्टी सिगरेट घेतात, फोटो बघतो फक्त टपरीवाला. (सुट्टी सिगरेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. असो.)

त्यापेक्षा झोपेबद्दल बोला. नाइट शिफ्टवाली पोरं म्हणतात, "घरी जाऊन एक मारतो आणि आडवा होतो." अरे, निकोटिन उत्तेजक आहे! झुरका घेतल्यावर काही सेकंदांत मेंदूत पोचतं, ठोके वाढवतं. म्हणजे झोप लागायला उशीर. मग साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, शरीर पुन्हा मागायला लागतं आणि लागलेली झोपही चाळवते. उठल्यावर डोकं जड, चिडचिड. त्यावर उपाय काय, तर पुन्हा टपरी.

"टेन्शन उतरतं" हेही असंच. उतरते ती बऱ्याचदा मागच्या सिगरेटने मागे ठेवलेली तलफ. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. सिगरेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाला होता. पहिले दोन-चार आठवडे मात्र वाईट जातात, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावं. तेव्हा टोमणे नकोत.

रविवारी पारसिक हिल चढताना दम लागतो, त्याचं खापर सगळे पोटावर फोडतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, ते कोणी मोजत नाही.

व्हेपवाले, म्हणजे ई-सिगरेट ओढणारे, इथे हसतील, कारण त्यात तो धूर नाही. खरंय. पण निकोटिन बहुतेक वेळा असतंच, आणि सिगरेटसारखा वास येत नाही म्हणून ते थेट अंथरुणात ओढलं जातं. विक्रीवर २०१९ पासून देशभर बंदी, तरी पोरांकडे दिसतंच.

सोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी फार कोणी सांगत नाही. सिगरेटच्या धुरामुळे यकृत चहातलं कॅफिन भराभर निकाली काढतं. सिगरेट बंद झाली की तेच चार कटिंग अंगात जास्त वेळ राहतात. झोप उडते, छाती धडधडते, आणि माणूस म्हणतो, "सोडल्यामुळे त्रास होतोय." तेव्हा आधी चहा निम्म्यावर आणा. आणि सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, कॉल फुकट.